ए मायनर, सातवा मजला, फ्लॅट पाच

माझ्या बॅगेत पाना, पकड, गॅसचा मीटर असं सगळं असतं, पण जीव आहे तो एका रिमोटवर. कुठल्याही कंपनीचा एसी त्याचं ऐकतो. मी एसी दुरुस्त करतो, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, त्यामुळे तो जवळ बाळगायचा मला हक्कच आहे. आता सोसायटीच्या मीटिंगला मी शेवटच्या रांगेत बसतो, समोरच्या खुर्चीआडून हॉलचा एसी हळूच सोळा डिग्रीवर नेतो आणि आमचा सेक्रेटरी नंदकुमार बोलता बोलता काखेत हात घालतो, तो भाग वेगळा. गेल्या मीटिंगला तो मफलर घेऊन आला होता. मे महिन्यात.

हे सांगायचं कारण एवढंच, की कन्नमवार नगरातल्या आमच्या सोसायटीत अंबादासच्या, म्हणजे माझ्या, शब्दाला काय भाव आहे ते तुम्हाला कळावं. मी 'लिफ्ट बंद आहे' म्हटलं की लोक मुद्दाम लिफ्टकडे जातात. एकदा ती खरंच बंद होती. त्याचाही राग माझ्यावरच काढला.

तर अशा माणसाला एक गोष्ट खरी करून दाखवायची होती. माझ्या बायकोसाठी.

द्रौपदीचे वडील, दशरथबाबा, जालन्याकडून इथे आले आणि विक्रोळीतल्या एका कारखान्यात रात्रपाळी करत म्हातारे झाले. त्यांनी अख्ख्या आयुष्यात एकच गाणं बांधलं. पाळीवरून घरी आलेला माणूस रात्रभर जागत बसलेल्या आईला म्हणतो, 'वात खाली कर माये, दिस उगवला.' त्यातलं ते 'माये' जे आहे ना, तिथे सूर असा खाली उतरतो की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कंदिलाकडे जावा. द्रौपदी हे गाणं भांडी घासताना गाते. कोणी ऐकतंय असं कळलं की भांडी जोरात आपटते.

यंदा बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात तिने ते गावं म्हणून महिला मंडळाच्या शुभाने तिच्या मागे लागून लागून तिला उभं केलं. सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. कीबोर्डवर विकी. पोरगा चांगला आहे, लग्नं, हळदी, जयंत्या, सगळीकडे वाजवून त्याची बोटं झोपेतही चालतात. पण दर वेळेला 'माये' आलं की काहीतरी कचकन व्हायचं. भातात खडा यावा तसं. विकी थांबायचा आणि म्हणायचा, ताई, तिथे तुमचा सूर सुटतोय, जरा सरळ लावा. द्रौपदीने सरळ लावून बघितला. मग दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "हे माझ्या बाबांचं गाणं नाही मग."

विकीने शेवटी ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी सकाळी शेवटची तालीम. तोवर सूर जागेवर आला तर ठीक, नाहीतर ती ओळ काढायची. शुभापण मान हलवत होती. एवढ्या लोकांसमोर बेसूर झालं तर शोभा होईल, असं तिचं म्हणणं.

घरी आल्यावर द्रौपदी पीठ मळायला बसली. मी दोन जोक मारले, वाया गेले. भाकरी थापता थापता तिने मला विचारलं, "अहो, बाबांनाच चुकीचं येत होतं का?"

पन्नाशीला आलेली बाई. सासऱ्यांना जाऊन इतकी वर्षं झाली. आणि हा प्रश्न तिला आत्ता पडला. ओळ काढली तर मी गातच नाही, असंही ती म्हणाली, पण ते मला महत्त्वाचं वाटलं नाही. पहिला प्रश्न डोक्यात घुसला. पिठाचे हात तसेच ठेवून तिने तो विचारला होता आणि माझ्याकडे बघत होती, जणू काही मला माहीत आहे.

मला काय माहीत असणार? पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तालमीचं मी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं, तिला चिडवायला रिंगटोन करणार होतो. ते मी ऐकलं, कचकन. मग ती स्वयंपाकघरात गुणगुणत असताना दाराआडून तेही रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. काही कचकन नाही. तीच बाई, तोच सूर. म्हणजे लोचा दोघांच्या मध्ये कुठेतरी होता. एसी चांगला, लाईन चांगली आणि तरी ट्रिप मारतो, असं होतं कधी कधी. तेव्हा आम्ही जोडणी बघतो.

दोन्ही रेकॉर्डिंग मी दीप्तीला पाठवली. दीप्ती घाटकोपरला, पंतनगरात, पहिल्या मजल्यावर आईच्या घरात गिटारचा क्लास घेते. वय पंचविशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं, मेसेज त्याहून मोजका. तिच्याकडे मी एसी धुवायला गेलो होतो आणि उगाच फुशारकी मारली की मलाही गिटार येते. हवेत दोन-चार बोटं नाचवून दाखवली. तिने गिटार माझ्या हातात दिली. झालं, तेव्हापासून दर आठवड्याला जातो. ए मायनर, ई मायनर, डी मायनर, असे साधे साधे कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, येतात. मेजर कॉर्ड म्हणजे हसरा, मायनर म्हणजे रडका, एवढंच मला संगीतातलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला एका बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर अर्धा लटकलेला असताना तिचं उत्तर आलं. 'ए मायनर ७ फ्लॅट ५.' बस. पुढे ना मागे.

आता तुम्ही हसण्याआधी माझा धंदा समजून घ्या. आमच्याकडे दिवसभर मेसेज कसे येतात? 'बी, मेजर, ४ फ्लॅट २.' म्हणजे बी विंग, मोठी तक्रार, गॅस किंवा कॉम्प्रेसर, चौथा मजला, दोन नंबरचा फ्लॅट. 'सी, मायनर, ९ फ्लॅट १.' म्हणजे फिल्टर घाण झालाय, पाणी गळतंय, किरकोळ. दीप्तीच्या सोसायटीला ए विंग आहेच. मला वाटलं, पोरीने रेकॉर्डिंग अजून ऐकलं नाही आणि शेजारच्यांचं काम मात्र आठवणीने पाठवलं. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि संध्याकाळी शिडी, पंप, बादली घेऊन ए विंगच्या सातव्या मजल्यावर पाच नंबरची बेल वाजवली.

दार उघडलं विद्याधर नावाच्या गृहस्थांनी. रिटायर्ड, बनियन, हातात शब्दकोडं. ते म्हणाले, आम्ही कोणाला बोलावलेलं नाही. मी म्हटलं, साहेब, मायनर आहे, लगेच होईल. ते म्हणाले, पण आमचा एसी चालू आहे.

"चालू आहे म्हणूनच मायनर," मी म्हटलं. "बंद पडला की मेजर."

असं आत्मविश्वासाने बोललं की माणसं दारातून बाजूला होतात, हा माझा जुना अनुभव. मी शिडी लावली, एसी उघडला, आतून असं काळं पाणी निघालं की विद्याधर कोडं सोडून बादलीत बघत बसले. त्यात एक पारव्याचं पीसपण निघालं. सगळं स्वच्छ करून, गार वारा त्यांच्या तोंडावर सोडून मी विचारलं, दीप्ती मॅडमना सांगू ना काम झालं म्हणून? ते म्हणाले, कोण दीप्ती? मी म्हटलं, पहिल्या मजल्यावरची, गिटारवाली. त्यांनी इंटरकॉम उचलला आणि सगळी हकिकत तिला नीट, मुद्देसूद सांगितली. मी मायनर म्हणालो, तेही.

रिसीव्हरमधून जो आवाज आला तो मला शिडीवरून ऐकू येत होता. पोरगी आधी हसली, मग खोकली, मग परत हसली. विद्याधरांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळले.

"ती म्हणते, तुम्ही फ्लॅटमध्ये शिरायचं नव्हतं. तो कॉर्ड आहे."

मी आजवर अख्ख्या विक्रोळीला टोप्या घातल्या. पण टोपी शिवली मीच, घातली मीच आणि वर शिडी लावून घातली, असं पहिल्यांदाच झालं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी शिडीवर बसूनच हसायला लागलो. विद्याधरही हसायला लागले, आणि एवढं काय आहे त्या कॉर्डमध्ये बघू तरी, म्हणून चप्पल घालून माझ्याबरोबर खाली आले.

दीप्ती हसून हसून आलेलं डोळ्यातलं पाणी पुसत बसली होती. तिने आधी सांगितलं, "काका, फ्लॅट म्हणजे कोमल."

मी म्हटलं, मुंबईत फ्लॅट आणि कोमल? ती म्हणाली, गप्प बसा आणि ऐका.

तिने छोटा कीबोर्ड पुढे ओढला. द्रौपदीचा सा पांढरी पाचवर, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीवर आहे, म्हणाली. 'माये' म्हणताना तुमच्या मिसेस काळी दोनवर उतरतात. आणि त्याच वेळेला तुमचा विकी खाली ए मायनर दाबतो. ए मायनरमध्ये तीन सूर. पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी तीन. आता काळी दोन आणि पांढरी तीन बघा कुठे राहतात. मी बघितलं. चिकटून, अगदी शेजारी शेजारी.

"दोघे एकदम बोलले की काय होणार?" तिने दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या. कचकन. तोच खडा. विद्याधरांनी कान झाकला.

मग तिने पांढरी तीनवरचं बोट उचललं आणि बाजूच्या काळी दोनवर ठेवलं. पाचवा सूर अर्धी पायरी खाली आणला, तो झाला फ्लॅट फाइव्ह. वरून सातवा सूर घातला, म्हणून सेव्हन. तोच ए मायनर, फक्त खांदा उतरलेला. तिने तो वाजवला आणि आमच्या दशरथबाबांचं 'माये' नुसतं गुणगुणली.

बाप रे.

माझ्या मानेवर काटा आला. रडका नाही, हसरा तर नाहीच. कोणीतरी काहीतरी सांगायला तोंड उघडलंय आणि अजून सांगितलेलं नाही, असा तो कॉर्ड. सूर खाली उतरत होता आणि त्याला खाली बरोब्बर पाट मांडलेला होता. मी तिला म्हटलं, परत. तिने परत वाजवला. विद्याधर म्हणाले, अजून एकदा. तुम्ही म्हणाल अंबादास, तू एसीवाला, तुला काय झालं एवढं? अरे, मला वाटायचं मायनर एकच असतो. इथे त्याच्या आत आणखी एक खोली निघाली, आणि त्या खोलीत माझा सासरा बसलेला होता, न शिकता, बरोबर सुरात.

विकीला जाऊन सांगावं, तर तो ऐकणार नाही. अंबादास सांगतोय म्हणजे कॅमेरा कुठेतरी लपवलाय, असंच तो समजणार. वाजवूनच दाखवायला हवं होतं. मी दीप्तीला म्हटलं, हा एकच शिकव, बाकी जग खड्ड्यात जाऊ दे.

शिकायला दोन बोटं लागतात. चौथी तार गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या पट्टीत दाबायची, दुसरी तारही तिथेच, तिसरी आणि पाचवी मोकळी. मी म्हटलं, एवढंच? दीप्ती हसली. ती हसली की समजायचं, पुढे अवघड आहे. गिटारची सगळ्यात जाडी तार आणि सगळ्यात बारीक तार, दोन्ही मोकळ्या सोडल्या की सूर येतो पांढरी तीन. तोच भांडखोर शेजारी. जाडीला वरून अंगठा टेकवला की ती गप्प होते. पण बारीक तारेला दुसऱ्या बोटाच्या कुशीने नुसता स्पर्श करायचा. दाबायची नाही, सोडायची नाही. गप्प ठेवायची.

आणि मला आयुष्यात काय जमलेलं नाही म्हणाल, तर गप्प ठेवणं.

आठवडाभर मी दीप्तीकडून आणलेली गिटार घेऊन दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून हाच उद्योग केला. टणण. बारीक तार बोलायची. बोट जरा तिरकं केलं की दुसरी तारपण मरायची, मग कॉर्डच नाही, नुसता ठोकळा. बोट सरळ केलं की परत टणण. मी त्या तारेला शिव्या घातल्या, गोंजारलं, सेक्रेटरीचं नाव दिलं. कामावर असताना तांब्याच्या पाइपवर बोटं ठेवून बघायचो. गिऱ्हाईक विचारायचं, गॅस चेक करताय का? मी म्हणायचो, हो, मायनर आहे.

आणि मग कधीतरी तार बोललीच नाही. मी छेडलं आणि फक्त तो आला, खांदा उतरवलेला, पूर्ण. टाकीवरचे कावळे उडाले, कारण मी ओरडलो होतो.

घरी मात्र द्रौपदीला वास लागला. बोटांच्या टोकांवर चर पडलेले. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पकडीत आलं. सगळी बोटं पकडीत? ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "रविवारी तुम्ही येऊ नका. बाकी कशाचीही मस्करी करा. याची नको."

मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं आणि रविवारी तार टणण झाली तर? 'बाबा चुकले' असा दुसरा शिक्का माझ्या हातचा झाला असता. मी मान हलवली. ती मान कुठल्या दिशेला हलली ते मी स्पष्ट ठेवलं नाही.

रविवारी सकाळी गिटार घेऊन मी हॉलमध्ये शिरलो, तर पहिल्यांदा सगळ्यांनी वर एसीकडे बघितलं. नंदकुमारने पिशवीतून मफलर काढला. विकी म्हणाला, भाऊ, प्लीज, आज वेळ नाहीये यार. द्रौपदी माइकजवळ उभी होती. तिचा चेहरा मिटला.

मी बॅगेतून रिमोट काढला, तिच्याजवळ गेलो आणि तो तिच्या हातात ठेवला. ती बघतच राहिली. लग्नात मंगळसूत्र घालताना मी इतका सरळ उभा नव्हतो.

"काही करणार नाही," मी म्हटलं. "फक्त एक कॉर्ड. 'माये'च्या खाली. तेवढ्यापुरता विकी हात उचलेल, बाकी सगळं तोच वाजवेल."

विकीने उसासा टाकून विचारलं, कुठला कॉर्ड. मी सांगितलं, "ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह."

"भाऊ, पत्ता नको. कॉर्ड सांगा."

त्या पोराला मिठी मारावी असं वाटलं मला. पण मी हसलो असतो तर संपलं असतं सगळं. गाल आतून चावून धरले आणि खुर्चीत बसलो. खुर्ची नेमकी एसीखालची. द्रौपदीने रिमोटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विकीला मान हलवली.

तिने सुरू केलं. विकी वाजवत होता. 'वात खाली कर' आलं, विकीने हात उचलले, मी छेडलं.

टणण.

घामाने बोट घसरलं होतं. बारीक तार हॉलभर बोलली. शुभाने डोळे मिटून घेतले. विकी म्हणाला, हेच सांगतोय ना मी, तो सूरच तसा आहे. द्रौपदीने माइक खाली केला. आणि बघा, त्या वेळेला माझ्या जिभेवर एक जोक आलेला होता. चांगला होता. सगळे हसले असते, ती ओळ गेली असती, आम्ही घरी जाऊन जेवलो असतो.

मी तो गिळला. बोट पँटीला पुसलं. म्हटलं, "द्रौपदी, परत. चूक माझ्या बोटाची आहे. तुझी नाही."

तिला मी चूक माझी म्हटलेलं आठवत नसावं. तिने माइक वर केला.

वात खाली कर. विकीने हात उचलले. मी बोटाची कूस त्या बारीक तारेला टेकवली, झोपलेल्या लेकराला हात लावतो तेवढीच, आणि छेडलं. 'माये' खाली उतरलं आणि बसलं.

कचकन नाही, काही नाही. हॉलमध्ये फक्त तिचा आवाज आणि त्याच्याखाली माझी दोन बोटं. नंदकुमारच्या हातातला मफलर अर्धा गुंडाळलेलाच राहिला. विकी माझ्या बोटांकडे बघत होता, मग त्याने स्वतःच्या पट्ट्यांवर हळूच शोधायला सुरुवात केली. पांढरी सहा, पांढरी एक, आणि तिसरं बोट पांढरी तीनवर जाता जाता थांबलं. काळी दोन. त्याने ती दाबली, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"ताई," तो म्हणाला, "तुमचा सूर पहिल्यापासून बरोबर आहे. मीच बाजूची पट्टी दाबत होतो."

द्रौपदी माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण ती रडणाऱ्यांतली नाही. "म्हणजे बाबांना येत होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, येत होतं. आणि त्यांना पत्ताही विचारावा लागला नाही.

हे तिला कळलं नाही, पण हसली. मग म्हणाली, परत एकदा, पूर्ण गाणं, आणि 'माये'ला मीच वाजवायचं. विकीने खुशीत ताल लावला. या वेळेला ती वेगळंच गात होती. घरातल्यासारखं, भांडी न आपटता. ओळ आली. मी छेडलं, बोट जागेवर, तार गप्प. तिने 'माये' धरलं. आणि धरून ठेवलं. मी वाट बघतोय ती सोडेल म्हणून, तर ती सोडेना. मी परत छेडलं. परत.

आणि टकलावर काहीतरी गार लागलं.

मी वर बघितलं. एसीची झडप हळूहळू खाली वळत होती, सरळ माझ्या डोक्यावर. बाजूच्या आकड्यावर अठरा होतं. मग सतरा. द्रौपदीच्या एका हातात माइक, दुसरा हात पदराआडून जरासा पुढे आलेला, चेहरा एकदम भक्तिभावाचा. सूर तसूभर हलला नाही.

मला हलता येईना. बोट उचललं तर तार बोलणार. हसलो तर हात हलणार. सोळा. सगळा हॉल आता माझ्याकडे बघत होता आणि नंदकुमार, देव त्याचं भलं करो, उठला आणि त्याने आपला मफलर माझ्या डोक्याला गुंडाळला. मी कॉर्ड सोडला नाही. तिनेही 'माये' सोडलं नाही.